डावे, उजवे आणि दादासाहेबांची जमीन

निवडणूक जवळ आली की चळवळीत एक वाद हमखास पेटतो. डाव्यांसोबत जायचे की उजव्यांसोबत? कोणी म्हणतो, डावे जात मानत नाहीत म्हणून ते आपले. कोणी म्हणतो, उजव्यांनी निदान समरसतेची भाषा तरी सुरू केली. वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांनी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे चरित्र चाळलेलेही नसते. हाच प्रश्न या माणसाला आयुष्यभर पडला आणि त्याने त्याचे उत्तर जाहीरनाम्यात लिहिले नाही, तुरुंगात जाऊन दिले.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा. शिक्षण बेताचे. धोतर, सदरा आणि बोलणे खेड्यातले. बॅरिस्टर, पदवीधरांच्या घोळक्यात हा माणूस उठून दिसत नसे. पण बाबासाहेबांनी ज्या मोजक्या लोकांवर डोळे मिटून विश्वास टाकला, त्यांत दादासाहेब पहिल्या रांगेत होते. बाबासाहेबांची त्यांना आलेली पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ती वाचली की नाशिकचा कारभार कोणाच्या खांद्यावर होता ते समजते.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो चालवण्याची जबाबदारी दादासाहेबांवर होती. लोक खेड्यांतून येणार, त्यांच्या भाकरीची सोय करायची, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी लक्ष ठेवायचे, दगड खाल्लेल्यांना दवाखान्यात न्यायचे. रामनवमीला रथ ओढण्यावरून दंगल झाली. सत्याग्रह १९३५ पर्यंत चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती या पाच वर्षांच्या बंद दारासमोरून उठूनच.

आता याच काळात काही दारे उघडलीही होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या वर्ध्यात जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्यांना खुले केले. रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकाराने १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले. बजाज काँग्रेसचे, सावरकर हिंदुत्ववादी. दोघांना एका पंक्तीला बसवणे कोणाला रुचणार नाही, आणि दोघांच्या धाडसाला नावे ठेवण्याचा माझा हेतूही नाही. परंतु दार बंद करणारा आणि दार उघडणारा, दोघांच्याही बाबतीत किल्ली एकाच वर्गाच्या हातात राहिली, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. दुबळ्याशी वागण्याची उजवी रीत ही अशी आहे. ती दरवेळी क्रूर असतेच असे नाही, कित्येकदा ती फार मायाळू असते. मात्र तिला घेणारा हात खाली आणि देणारा हात वर हवा असतो.

डाव्यांची रीत वेगळी. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाटलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक, पण साळखात्याच्या दाराशी ती एकी संपत असे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे रेटला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी तो कुरकुरतच मागण्यांत घेतला. डाव्यांना दुबळ्याचे पोट दिसत होते. त्या पोटाच्या वर एक मान असते आणि ती खाली घालायला लावणारी व्यवस्था कामगारवस्तीतही शिरलेली आहे, हे त्यांना उशिरा दिसले. काहींना अजून दिसलेले नाही.

तरीही वेळ आली तेव्हा बाबासाहेब त्यांच्यासोबत उभे राहिले. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब नाशिकमधून मुंबई विधानसभेत गेले. काँग्रेस मंत्रिमंडळाने संपाच्या हक्कावर गदा आणणारे औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत? उत्तर मुंबईत बाबासाहेब हरले. कम्युनिस्टांनी मते कुजवण्याचा प्रचार केला अशी बाबासाहेबांची तक्रार होती. डांगे यांच्यासह इतरांविरुद्ध निवडणूक याचिकाही दाखल झाली आणि ती फेटाळली गेली. कायद्याच्या भाषेत प्रकरण तिथे मिटले. समाजाच्या मनात ते मिटले नाही.

दादासाहेबांनी १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांबरोबर बुद्ध धम्म स्वीकारला. १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी खेड्यातल्या भूमिहीनांसाठी आपल्याला फारसे करता आले नाही, ही खंत बोलून दाखवली होती. त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ती खंत वारसा म्हणून मागे राहिली. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. त्या समितीत कम्युनिस्ट होते, शेकाप होता, समाजवादी होते आणि गंमत म्हणजे जनसंघ व हिंदुमहासभाही होती. ज्यांना आज डावे-उजवे म्हणजे तेल आणि पाणी वाटते, त्यांनी ही यादी एकदा वाचावी.

खरी कसोटी आली १९५९ साली. जानेवारीत नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि सहकारी शेती व जमीनधारणेची कमाल मर्यादा यांचा ठराव मंजूर झाला. ठरावच होता तो, कायदा नव्हे. पण तेवढ्यानेही बड्या जमीनदारांचे धाबे दणाणले. त्याच वर्षी राजाजी, रंगा, मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. जनसंघानेही सहकारी शेतीला विरोध केला. मालमत्तेचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा पाया आहे, असा त्यांचा युक्तिवाद. युक्तिवाद म्हणून तो कच्चा नाही. पण ज्याच्याजवळ मालमत्ताच नाही, त्याचे स्वातंत्र्य कोणत्या पायावर उभे राहणार, याचे उत्तर त्या पक्षांच्या कागदपत्रांत शोधूनही सापडत नाही.

दादासाहेबांनी त्याच वर्षी खानदेश आणि मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पडीक आणि सरकारी जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करा, ही मागणी. या लढ्यात डावे पक्ष सोबत आले. सवर्ण भूमिहीनही आले. आणि नेमका इथेच आपला पक्ष फुटला.

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे दोन वर्षांच्या आत दोन तुकडे झाले. बी. सी. कांबळे यांच्या गटाला दुरुस्त म्हणू लागले, दादासाहेबांच्या गटाला नादुरुस्त. दुरुस्त गटात वकील, शिकलेले, सुटाबुटातले लोक. त्यांचा आक्षेप असा की सत्याग्रह हा मार्ग संविधानाच्या चौकटीत बसत नाही आणि गायकवाड पक्ष कम्युनिस्टांच्या दावणीला बांधत आहेत. शिवाय धोतर नेसणाऱ्या, कमी शिकलेल्या माणसाने राज्यघटनेच्या शिल्पकाराचा पक्ष चालवावा, हेही अनेकांना पटत नव्हते. हे उघड बोलले जात नसे, पण सगळ्यांना ठाऊक होते.

मी स्वतः काळा कोट घालतो. म्हणून दुरुस्तवाल्यांचा मुद्दा हसण्यावारी नेणे मला जमणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी संवैधानिक मार्ग खुले असताना सत्याग्रहाची रीत सोडून द्यावी असे बजावले होते. हा त्यांचा भक्कम आधार. पण वकिलाने अर्धाच दाखला वाचून चालत नाही. मराठवाड्यात पडीक जमिनीसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने सत्याग्रह केला तो १९५३ साली, म्हणजे संविधान लागू झाल्यानंतर आणि बाबासाहेब हयात असताना. मार्ग खुला असणे आणि मार्ग कागदावर असणे यांतला फरक तहसील कचेरीच्या व्हरांड्यात दिवस काढणाऱ्याला विचारावा. माझ्या मते या वादात कायदा दुरुस्त गटाच्या तोंडी होता, आणि जमीन दादासाहेबांच्या पायाखाली.

इथे हिंगणीच्या माणसाला पवनार आठवल्याशिवाय राहत नाही, कारण ते आमच्याच जिल्ह्यातले. तेलंगणात १९४६ पासून कम्युनिस्टांनी जमीनदारांविरुद्ध सशस्त्र लढा चालवला होता. त्या धगीतच १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत विनोबांनी भूदान सुरू केले. गावच्या हरिजनांनी ऐंशी एकर मागितले, रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने शंभर एकर देऊ केले. विनोबांच्या सज्जनपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. एकाच प्रश्नावर तीन वाटा त्या दशकात समोर होत्या. तेलंगणात बंदूक होती, पवनारमध्ये दान होते आणि दादासाहेबांच्या वाटेवर हक्क होता. बंदुकीच्या वाटेने गेलेला दुबळा लष्कर आले तेव्हा उघडा पडला. दानात मिळालेल्या जमिनीपैकी किती खडकाळ, किती वादातली निघाली, हे विदर्भात कोणी सांगायला नको. दादासाहेबांनी दाता शोधला नाही आणि शत्रूचे डोकेही मागितले नाही. सातबाऱ्यावर नाव मागितले. बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करताना बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत साधनांचा जो भेद सांगितला, तो या शिकण्यात मागे राहिलेल्या शिष्याला बॅरिस्टरांपेक्षा लवकर उमगला होता.

पुढे ६ डिसेंबर १९६४ हा महापरिनिर्वाण दिन निवडून देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. तो फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. बाया लेकरे कडेवर घेऊन गेल्या. तुरुंग पुरले नाहीत. मागण्या बघा: कसणाऱ्याला जमीन, पडीक जमिनीचे वाटप, किमान वेतन, धान्याचे भाव आवाक्यात, बौद्धांना सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. पोट आणि मान, दोन्ही एकाच कागदावर. डाव्यांनी तैलचित्राची मागणी स्वतःहून कधी लिहिली नसती, उजव्यांनी जमिनीची लिहिली नसती. लालबहादूर शास्त्रींच्या सरकारने बोलणी करून बऱ्याच गोष्टी तत्त्वतः मान्य केल्या. तत्त्वतः हा शब्द सरकारी भाषेत किती लांब असतो ते आपण जाणतो. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले.

१९६७ साली दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला. हे पाऊल मला पटत नाही. जेल भरणाऱ्या माणसांच्या जोरावर मिळालेली ताकद सत्ताधाऱ्यांच्या दाराशी नेऊन ठेवली की ती कशी विरते, याचा इतिहास तिथून सुरू होतो. आपल्या विदर्भाचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे पुढे वेगळे झाले, गटांना गट फुटले. दादासाहेब १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते, १९६८ साली पद्मश्री मिळाली, २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले. पाच महिन्यांनी दलित पँथर जन्मली आणि १९७४ साली तीही मार्क्स की बुद्ध या प्रश्नावर फुटली. म्हणजे दादासाहेबांनी लढता लढता जे बाजूला ठेवले होते, त्यावरच नवी पोरे भांडली.

१९५९ च्या सत्याग्रहाकडे मी पुन्हा पुन्हा का वळतो? कारण त्या लढ्यात दादासाहेबांनी डाव्यांची सोबत घेतली, त्यांचे नेतृत्व घेतले नाही आणि धम्मही त्यांच्यापायी सोडला नाही. सोबत घेण्याचे कारण एवढेच की त्या दिवशी गायरानावर मार खायला ते उभे होते आणि उजवे कमाल जमीन मर्यादेविरुद्ध सभा घेत होते. १९५२ ची जखम ताजी असताना त्यांनी हे केले.

आज त्या जमिनींचे काय? महाराष्ट्र सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. ती तारीखच सांगते की हे कोणाच्या रेट्याने झाले. २८ जानेवारी २०११ ला जगपालसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्यातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद नमूद आहे. नोटीस हातात पडलेल्या माणसाला आदेश सांगितला जातो, अपवाद सांगितला जात नाही. विदर्भात त्यावर झुडपी जंगलाची आणखी एक गाठ. मालगुजारी गेली तेव्हा महसुली दप्तरात तसा शेरा पडलेल्या जमिनी २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वनजमिनीच ठरल्या आहेत. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केले असेल तर ते नियमित होण्याची वाट ठेवली आहे. म्हणून बोर धरणापासून सेलूपर्यंत ज्याच्या घरात जुना पट्टा, दंडाची पावती, पीकपाहणीचा उतारा ट्रंकेत पडला असेल, त्याने तो आधी शोधावा. पक्ष कोणताही असो, मत मागायला येणाऱ्याला तो कागद दाखवून विचारावे की माझ्या नावाचा फेरफार कधी घेणार.

२००४ पासून सरकारची एक योजना दादासाहेबांच्या नावाने चालते, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. सुरुवातीला निम्मे कर्ज होते, २०१८ पासून पूर्ण अनुदान झाले. अट अशी की सरकार जमीन विकत घेऊन देणार, म्हणजे गावात कोणीतरी ती विकायला तयार हवा. सरकारी दरात विकणारा मिळत नाही, म्हणून अर्ज पडून राहतात. कमाल मर्यादेपेक्षा जास्त ठरलेली जमीन, पडीक जमीन, गायरान यांवर दादासाहेबांनी बोट ठेवले होते. योजनेला नाव त्यांचे दिले आणि जमिनीसाठी बोट मात्र विकणाऱ्याच्या मर्जीकडे दाखवले.