लखुजीराव जाधव

बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीड हे गाव ज्या तालुक्यात आहे, त्याचे मुख्य ठिकाण सिंदखेडराजा. तेथे एक भव्य दगडी समाधी आहे. ती लखुजीराव जाधव यांची. देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणाऱ्या या घराण्याकडे सिंदखेडची देशमुखी होती. लखुजीराव हे अहमदनगरच्या निजामशाहीतील मातबर सरदार होते. इ. स. १५९८ मध्ये त्यांची कन्या जिजाबाई यांचा जन्म झाला. पुढे मालोजी भोसले यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोन शूर घराणी सोयरिकीने जोडली गेली.

परंतु हा स्नेह टिकला नाही. एकदा दरबार आटोपून सरदार परतत होते. गर्दीत खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला व माणसे तुडवू लागला. लखुजीरावांचे पुत्र दत्ताजी हत्तीवर तुटून पडले, तर भोसल्यांकडील संभाजी खंडागळ्यांच्या मदतीस धावले. बाचाबाचीचे लढाईत रूपांतर झाले व दत्ताजी मारले गेले. पुढे गेलेले लखुजीराव ती वार्ता ऐकताच संतापाने माघारी फिरले. त्यांनी संभाजीला ठार केले. प्रत्यक्ष जावई शहाजीराजेही जखमी झाले. शिवभारत या ग्रंथात हा प्रसंग वर्णिलेला आहे.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात सोफोक्लीझ नावाचा थोर नाटककार होऊन गेला. त्याच्या नाटकातील इडिपसाच्या हातून पित्याचा वध होईल, असे भाकीत झालेले असते. ते टाळण्यासाठी तो घर सोडतो. पण वाटेत क्षुल्लक तंट्यावरून रागाच्या भरात एका अनोळखी प्रवाशास मारतो. तोच त्याचा खरा पिता असतो. असा प्रसंग समोर उभा करणे हे दैवाचे काम. परंतु त्या प्रसंगी शस्त्र उपसणारा हात माणसाचा असतो, हे मर्म ग्रीक नाटककारांनी ओळखले होते. सिंदखेडच्या या शूर पुरुषाच्या आयुष्यातही तेच दिसते. हत्ती बिथरणे कोणाच्या हाती नव्हते. क्रोध आवरणे मात्र हाती होते.

पुढे लखुजीराव मोगलांस मिळाले. इ. स. १६२४ मधील भातवडीच्या लढाईत ते मोगलांच्या बाजूने होते आणि शहाजीराजे निजामशाहीच्या. सासरे व जावई परस्परांविरुद्ध उभे ठाकले. माहेर आणि सासर यांच्यामध्ये सापडलेल्या जिजाबाईंचा यात कोणता अपराध होता? मोठ्यांच्या वैराची झळ निरपराधांनाच अधिक लागते.

काही काळाने लखुजीराव निजामशाहीत परतले. परंतु एकदा बाजू बदललेल्या सरदारावर निजामशहाचा विश्वास उरला नव्हता. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची दगाबाजीने हत्या झाली. घराण्याच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी टाकलेले पाऊलच घराण्याच्या घाताला कारण झाले.

या घटनेनंतर शहाजीराजांनी निजामशाही सोडली. जुने वैर विसरून त्यांनी सासऱ्यांच्या हत्येचा धिक्कारच केला, असे म्हणावे लागेल. पित्याच्या मृत्यूनंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, जिजाबाईंच्या पोटी शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मास आले. परक्यांच्या दरबारात शौर्य खर्ची घालणाऱ्या घराण्यांची दशा त्या मातेने स्वतः भोगली होती. तिच्याच पुत्राने पुढे स्वराज्य स्थापिले. लखुजीरावांना मात्र तो नातू पाहावयास मिळाला नाही.