मरहूम मोहम्मद हुसेन प्रेमजी: अमळनेरचा कारखाना आणि घरच्या धंद्याची शिस्त

विप्रोचं नाव आज घरोघरी माहीत आहे. पण या कंपनीची सुरुवात कम्प्युटरने नाही, तर खान्देशातल्या अमळनेरला वनस्पती तुपाने झाली, हे नव्या पिढीला फारसं ठाऊक नसतं. ती उभी करणारे मरहूम मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांच्याबद्दल आज आम्ही लिहीत आहोत. आपल्या समाजात धंदा बहुतेक घरचाच असतो. तो वाढला की नाती आणि हिशेब यांची ओढाताण सुरू होते. प्रेमजींच्या आयुष्यात यावर शिकण्यासारखं बरंच आहे.

प्रेमजी गुजराती मुस्लिम व्यापारी कुटुंबातले. घरात तांदळाचा मोठा व्यापार. २९ डिसेंबर १९४५ रोजी त्यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि कारखाना अमळनेरला काढला. साने गुरुजी जिथे शिक्षक होते, तेच हे गाव. भोवती भुईमुगाचं पीक आणि माल न्यायला रेल्वे. कारखान्यात सनफ्लॉवर नावाचं वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण तयार होऊ लागला.

पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, कंपनीचे शेअर लोकांना विकले गेले. आमच्या मते प्रेमजींचा सगळ्यात मोठा निर्णय हाच. पैसा फक्त घरातला असता, तर हिशेबही घरातच राहिला असता. बाहेरच्यांचा पैसा आला म्हणजे संचालक मंडळ आलं, तपासलेले हिशेब आले आणि वर्षातून एकदा सभेत उभं राहून उत्तर देणं आलं. पुढे अमळनेरच्या कितीतरी कुटुंबांनी हे शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपले.

फाळणीच्या वेळी जिनांनी त्यांना पाकिस्तानात बोलावलं होतं. प्रेमजींनी नकार दिला आणि ते इथेच राहिले. त्यांच्या पत्नी गुलबानू डॉक्टर होत्या. मुंबईतल्या मुलांच्या अस्थिरोग रुग्णालयासाठी त्यांनी आयुष्यभर काम केलं. खिदमत हा या घराचा संस्कारच होता.

ऑगस्ट १९६६ मध्ये प्रेमजींचं अचानक निधन झालं. मुलगा अझीम तेव्हा २१ वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला. वारसाला हाताशी धरून तयार करायला वालिदांना वेळच मिळाला नव्हता. भागधारकांच्या सभेत एकाने त्या तरुणाला तोंडावर सुचवलं की, ही कंपनी चालवणं तुला जमणार नाही, तुझे शेअर विकून मोकळा हो. ऐकायला कडू वाटतं, पण विचारणाऱ्याला तो हक्क होता, आणि तो हक्क मरहूम प्रेमजींनीच कंपनीच्या रचनेतून दिला होता. मालकाचा मुलगा म्हणून कुणी सूट दिली नाही. अझीमभाईंनी ते मनाला लावून घेतलं, व्यवस्थापनाची पुस्तकं आणून अभ्यास केला आणि पाय रोवून उभे राहिले. राहिलेली पदवी त्यांनी कित्येक वर्षांनी पूर्ण केली.

तेव्हा अमळनेरला शेंगदाण्याची खरेदी दाणा चावून, अंदाजाने होत असे. ते बंद करून वजन, ओलावा आणि तेलाचा उतारा मोजून भाव ठरू लागला. आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या वाचकांना हे पटकन समजेल. आहुप्याच्या डोंगरातून हिरडा खाली येतो, तेव्हा तो किती वाळलाय यावरच भाव अवलंबून असतो. हातात घेऊन नुसता अंदाज केला, तर गोळा करणारी बाई आणि व्यापारी, दोघांच्याही मनात शंका राहते. मोजून दिलं की वाद मिटतो. मापात इमानदारी ठेवा, ही शिकवण आपल्याला दीनने आधीच दिली आहे.

पुढे कंपनी कम्प्युटरमध्ये गेली, तेव्हा मुख्य अधिकारी म्हणून अनेकदा घराबाहेरची माणसं नेमली गेली. नातू रिशद बाहेर नोकऱ्या करून २००७ मध्ये कंपनीत आले आणि २०१९ मध्ये अध्यक्ष झाले. त्याच वर्षी, कंपनीच्या ६७ टक्के भागांचं उत्पन्न अझीम प्रेमजींनी समाजकार्यासाठी दिल्याचं जाहीर झालं.

आता आपल्या घरांकडे बघू या. दुकान अब्बांच्या नावावर, राबतो थोरला, गल्ला धाकट्याकडे आणि बहिणींचा हिस्सा विचारायची कुणाची हिंमत नाही. अब्बा गेले की वर्षभरात भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. वास्तविक मिल्कियत आणि कारभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिल्कियतीत कुणाचा किती हिस्सा, हे शरीअतने ठरवून दिलंय, आणि त्यात बहिणीही आल्या. कारभार मात्र अमानत आहे. ती ज्याला पेलते त्याच्याकडे द्यावी, मग तो धाकटा असो, मुलगी असो की पगारी मॅनेजर. राबणाऱ्याला ठरलेला पगार, हिस्सेदाराला नफ्यातला वाटा. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, मग भावाभावांत लिहायला लाज कसली?

येत्या ईदला सगळे एकत्र जमतील. बुजुर्ग हयात आहेत तोवर, शीरखुर्मा झाल्यावर एक वही काढा आणि कुणाचं काय ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. अल्लाह मरहूम प्रेमजींची मगफिरत करो आणि आपल्या रोजगारात बरकत देवो. आमीन.