‘उंच माझा झोका’तील रमाबाई रानडे : घरच्या लेकी-सुनांना नर्सिंगची वाट दाखवणाऱ्या रमाबाई

वळसंग (ता. दक्षिण सोलापूर) : ऑपरेशन झालं, डॉक्टर बाहेर येऊन ‘सगळं ठीक आहे’ म्हणाले, की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. पण पेशंटची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. टाके चिघळतात का, ताप चढतो का, लघवी नीट होते का, एकाच कुशीवर पडून पाठीला जखम होते का, हे पुढचे आठ-दहा दिवस कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. डॉक्टर राउंडला येतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. चोवीस तास वॉर्डात असते ती नर्स, आपल्याकडची ‘सिस्टर’.

आज सोलापूरच्या सिव्हिलमध्ये जा नाहीतर खाजगी दवाखान्यात, वॉर्डात मराठी-कन्नड बोलणाऱ्या, आपल्याच खेड्यापाड्यांतल्या मुली ड्युटीवर दिसतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे कुणी स्वप्नातही आणलं नसतं. घरंदाज बाईने परक्या माणसाच्या जखमा धुवायच्या, म्हणजे घराण्याची अब्रू गेली, असा तो काळ. ती समजूत मोडायला जी माणसं पुढे आली, त्यांत पुण्याच्या रमाबाई रानडे यांचं नाव फार वरचं आहे. ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे रमाबाई घराघरांत पोचल्या. पण बऱ्याच जणांना त्या आठवतात त्या न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी म्हणून. त्यांचं नर्सिंगचं काम मागेच राहून गेलं.

अकराव्या वर्षी लग्न, लग्नानंतर पाटी-पेन्सिल

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 चा. गाव देवराष्ट्रे, तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातलं. माहेरचं आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. त्या घरात मुलींना अक्षरओळख देण्याची पद्धत नव्हती. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. रानड्यांनी तिशी ओलांडलेली, पहिली पत्नी वारलेली. ते सुधारक, विधवाविवाहाच्या बाजूने बोलणारे. त्यामुळे त्यांनी विधवेशीच लग्न करावं अशी लोकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे त्यांचं काही चाललं नाही. लोकांनी टीका केली, ती त्यांनी गपगुमान सोसली.

पण एक गोष्ट त्यांनी मनावर घेतली. बायकोला शिकवायचं. दिवसभराचं काम उरकल्यावर रात्री पाटी-पेन्सिल निघायची. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या सासू-नणंदांना आणि इतर बायकांना हे मुळीच रुचलं नाही. टोमणे, अबोला, कामात खोड्या, सगळं झालं. रमाबाई उलटून बोलल्या नाहीत आणि शिकायच्याही थांबल्या नाहीत. 1884 साली पुण्यात मुलींची हुजूरपागा शाळा निघाली. त्याच्या खटपटीत गव्हर्नरांपुढे भरसभेत इंग्रजीतलं निवेदन रमाबाईंनी वाचलं. घरी आल्यावर त्याबद्दल बोलणी खाल्ली, ती वेगळीच.

नवरा गेला, घराचं दार उघडलं

जानेवारी 1901 मध्ये न्यायमूर्ती रानडे वारले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. पोटी मूल नाही. त्या काळी विधवा बाईचं जगणं म्हणजे स्वयंपाकघराचा कोपरा, एकभुक्त राहणं आणि लग्नकार्यात तोंड न दाखवणं. रमाबाईंनीही वर्षभर स्वतःला घरात कोंडून घेतलं. मग मात्र त्या बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना जाऊन भेटू लागल्या, बायकांच्या सभा घेऊ लागल्या. 1904 साली मुंबईत भरलेल्या महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या.

1908 साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी ‘सेवासदन’ काढलं. त्याचं अध्यक्षपद रमाबाईंकडे आलं. पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, पुण्याचं सेवासदन सुरू झालं. त्यासाठी भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सुरुवात झाली ती रानड्यांच्या राहत्या वाड्यातच. लिहिणं-वाचणं, शिवणकाम, पुढे शिक्षिका होण्याचं शिक्षण असे वर्ग निघाले. बाईने स्वतःच्या पायावर उभं राहावं आणि चार लोकांच्या उपयोगीही पडावं, असा सगळा रोख होता. 1910 साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचं पुस्तक आलं. मराठीतल्या बायकांच्या आत्मकथनांत ते आजही मानाने वाचलं जातं.

नर्सिंग? नको रे बाबा!

शिवणकामाला, मास्तरकीला घरचे एकवेळ तयार व्हायचे. नर्सिंगचं नाव काढलं की नकार. कारणं सरळ होती. दवाखान्यात रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावावा लागतो. पेशंट कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे विचारता येत नाही. परपुरुषाची सेवा करावी लागते. रात्रपाळी असते. बाळंतिणीला हात लावला तरी विटाळ मानणाऱ्या समाजात हे सगळं फार जड होतं.

विटाळ आणि शिवाशिव म्हणजे काय, हे वळसंगकरांना वेगळं सांगायला नको. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे पाणी प्यायलं ती विहीर याच गावात आहे. स्पर्शाची भीती पाण्यापाशी होती, तशीच ती आजाऱ्याच्या खाटेपाशीही होती.

सेवा करणाऱ्या बायका आधी नव्हत्या असं नाही. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं आणि त्याच साथीत 10 मार्चला त्यांचा जीव गेला. मुंबईत नर्सिंग शिकवायची सोय 1880 च्या दशकापासून झाली होती. तरी दवाखान्यातल्या नर्स बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन, पारशी, ख्रिस्ती असायच्या. हिंदू घरांतली, त्यातही वरच्या म्हणवणाऱ्या जातींतली बाई या कामाकडे फिरकत नव्हती. बाईला डॉक्टरपुढे बोलायची चोरी आणि जवळ बसणाऱ्या नर्सची भाषा परकी. दुखणं अंगावर काढून बाई मरायची, ती अशीच.

ससूनच्या दारात

पुण्यात ससून रुग्णालय होतं, शिकवायची सोय होती. शिकायला बाई मिळत नव्हती. रमाबाईंनी घरोघरच्या बायकांची समजूत घालायला सुरुवात केली. तरुण विधवांकडे त्यांचं विशेष लक्ष होतं. ज्यांना समाजाने कोपऱ्यात बसवलं होतं, त्यांच्या हाताला मानाचं काम मिळेल आणि आजाऱ्याला आपल्या भाषेत बोलणारं माणूस मिळेल, असा त्यांचा दुहेरी हिशेब होता.

नुसतं बोलून भागणार नव्हतं. मुलगी राहणार कुठे, जेवणार कुठे, रात्री ड्युटीवरून परतताना तिच्याकडे कोण बघणार, हे घरच्यांचे प्रश्न होते. म्हणून सेवासदनने नर्सिंग आणि वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांसाठी वसतिगृहाची सोय केली. वर रमाबाई रानड्यांसारख्या बाईची देखरेख आहे म्हटल्यावर घरच्यांचाही धीर वाढला. एक-एक करत सेवासदनच्या बायका ससूनमध्ये नर्सिंगचं आणि सुईणीचं शिक्षण घेऊ लागल्या. पहिल्यांदा आलेल्यांना लोकांनी नावं ठेवली. मग त्यांच्याच हातून लोकांच्या बाळंतिणी सुखरूप सुटू लागल्या, तशी तोंडं बंद होऊ लागली.

गॅलरीतल्या पोरांना झापलं

सेवासदनच्या एका बक्षीस समारंभाची गोष्ट सांगितली जाते. सभागृह खच्चून भरलेलं. बक्षीस घ्यायला एक विधवा विद्यार्थिनी मंचावर आली. केशवपन झालेलं, अंगावर साधं लुगडं, डोक्यावरून पदर. गॅलरीतल्या कॉलेजच्या पोरांनी हुल्लड सुरू केली. शेवटी आभार मानायला रमाबाई उठल्या, तेव्हा आभार राहिले बाजूला. शिकल्या-सवरलेल्या म्हणवणाऱ्या या पोरांना त्यांनी भरसभेत फैलावर घेतलं. तुमच्या घरी बहीण, आत्या, मावशी अशी विधवा होऊन बसली नाही का, असं विचारलं. सभा चिडीचूप झाली. एरवी घरातले टोमणे मुकाट्याने गिळणाऱ्या या बाईने आपल्या मुलींसाठी मात्र कुणाची गय केली नाही.

पुढे मुलींचं सक्तीचं शिक्षण, बायकांना मतदानाचा हक्क यासाठीही त्या झटल्या. 1924 साली त्यांचं निधन झालं, तेव्हा पुण्याच्या सेवासदनात शिकणाऱ्या बायकांची संख्या हजाराच्या घरात गेली होती. सेवासदनच्या शाखा बाहेरगावीही निघाल्या. सोलापुरातली सेवासदन प्रशाला आपल्याकडच्या पुष्कळ मुलींना ठाऊक आहे, ते नाव याच कामातून आलेलं. 1962 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपाल तिकीट काढलं.

सिस्टर जवळ असली की पेशंट कसा वाचतो?

रमाबाईंच्या खटपटीचं मोल कळायला वॉर्डातलं काम नीट समजून घ्यायला हवं. नर्स म्हणजे नुसती सुई टोचणारी नव्हे.

दर काही तासांनी ती नाडी, ताप, रक्तदाब, श्वास बघून तक्त्यावर लिहिते. आत रक्तस्राव होत असेल तर पेशंट ओरडायच्या आधी नाडी वाढते. ती वेळेत दिसली, तर डॉक्टरांना बोलावून जीव वाचवता येतो. हलता न येणाऱ्या पेशंटला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देतात, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा पडतात. किती सलाईन गेलं, किती लघवी झाली, याचा हिशेब ठेवतात. एका पेशंटवरून दुसऱ्याकडे जाताना हात धुतात, म्हणजे एकाचं जंतू दुसऱ्याला लागत नाही. औषध देताना नाव, औषध, मात्रा, वेळ तपासून घेतात. ऑपरेशननंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर उठवून चार पावलं चालवतात, त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका कमी होतो.

हे आकड्यांतही दिसलेलं आहे. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल काम करत होत्या, त्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात फेब्रुवारी 1855 मध्ये शंभरातले सुमारे 42 पेशंट दगावत होते. गटारं साफ झाली, हवा खेळती झाली, देखभाल सुधारली आणि काही महिन्यांत तो आकडा 2 च्या आसपास आला. 2002 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील दवाखान्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. एका नर्सवर एक पेशंट जास्त पडला, की ऑपरेशन झालेल्यांचा 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, असं तिच्यात दिसलं. नर्स कमी पडल्या की माणसं जास्त दगावतात, इतका हा साधा हिशेब आहे.

आपल्या घरात काय चाललंय?

विटाळाची भाषा आता कुणी उघड करत नाही. पण ‘नर्स सून नको, रात्रपाळी असते’ हे वाक्य सोयरीक जुळवताना आजही कानावर येतं. तेच घर आजारपणात सिस्टरच्या मागे ‘बघा ना जरा’ म्हणत फिरतं. रमाबाईंनी ज्या समजुतीशी झुंज दिली, ती अजून पुरती गेलेली नाही.

मुलीला, आणि मुलालाही, या वाटेने जायचं असेल तर बारावीनंतर रस्ते आहेत. एएनएम 2 वर्षांचं, जीएनएम 3 वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचं. एएनएमला मात्र मुलींनाच प्रवेश मिळतो. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे बघून घ्यावं. फसवणूक तिथेच होते.

आणि घरचं माणूस ॲडमिट असेल तेव्हा पेशंटच्या खाटेवर दाटीवाटीने बसू नये. भेटायला जाताना हात धुवावेत. पेशंटला घाम सुटला, तो बरळायला लागला, पट्टी ओली झाली, तर सकाळच्या राउंडची वाट न बघता लगेच सिस्टरला सांगावं. तिच्यावर आवाज चढवण्याआधी त्या रात्री तिच्याकडे किती खाटा आहेत, त्या एकदा मोजाव्यात.