जे. पी. नाईक : ग्रामसेवेतून शिक्षण प्रशासनाकडे

५ सप्टेंबर हा दिवस देशभर शिक्षक दिन म्हणून साजरा होतो. १९०७ मध्ये याच दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यात, बहिरेवाडी या लहानशा गावी जयंत पांडुरंग नाईक यांचा जन्म झाला. पुढे ‘जेपी’ या नावाने शिक्षणक्षेत्रात परिचित झालेल्या नाईक यांनी स्वतंत्र भारताच्या शिक्षण धोरणाला आकार देण्यात मोलाचा वाटा उचलला. युनेस्कोने जगातील प्रमुख शिक्षणचिंतकांची चरित्रमाला सिद्ध केली, तेव्हा तीत महात्मा गांधी, रवींद्रनाथ टागोर आणि योगी अरविंद यांच्यासमवेत नाईक यांचाही समावेश झाला.

तरुण वयातच नाईक स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि त्यांना कारावास घडला. सुटकेनंतर त्यांनी नोकरीचा मार्ग न धरता तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्याची वाट धरली. उप्पिन बेटगेरी या कानडी भाषक खेड्यात राहून त्यांनी ग्रामसुधारणेचे काम हाती घेतले. स्वच्छता, आरोग्य, शेती आणि शाळा हे प्रश्न एकमेकांत किती गुंतलेले आहेत, याचे ज्ञान त्यांना येथे झाले. घरची गुरे राखणारे मूल शाळेत का येत नाही, आले तरी वर्षभरात का गळते, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी गावकऱ्यांच्या रोजच्या जगण्यात शोधली. हाच अनुभव त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचा पाया ठरला.

१९४० च्या दशकात कोल्हापूर संस्थानाच्या प्रशासनात शिक्षण व विकासाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. याच काळात, १९४३ मध्ये, सय्यद नुरुल्ला यांच्या सहकार्याने लिहिलेला ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास प्रसिद्ध झाला आणि तो दीर्घकाळ प्रमाणभूत मानला गेला. १९४८ मध्ये त्यांनी भारतीय शिक्षण संस्थेची स्थापना केली. प्रथम मुंबईत असलेली ही संस्था पुढे पुण्यात आली. गारगोटी येथील मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा महत्त्वाचा सहभाग होता. ग्रामीण तरुणांना गावातच उच्च शिक्षण मिळावे आणि त्या शिक्षणाचा गावाच्या विकासाशी संबंध असावा, हा त्यामागील विचार होता.

१९५९ पासून नाईक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार म्हणून काम पाहू लागले. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये शिक्षण आयोग नेमला गेला, तेव्हा सदस्य-सचिवपदाची धुरा त्यांच्यावर सोपविण्यात आली. १७ सदस्यांच्या या आयोगाने १२ कृतिगट व ७ कार्यगट नेमले, सुमारे ९ हजार व्यक्तींशी चर्चा केली आणि २१ महिन्यांत, जून १९६६ मध्ये, अहवाल सादर केला. त्याच्या लेखनात आणि संपादनात नाईक यांचे परिश्रम मोठे होते. आज सर्वपरिचित असलेली १०+२+३ ही रचना, समान शाळा पद्धती, परिसर शाळा आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर करावा, या शिफारशी त्याच अहवालातील आहेत. १९६८ चे पहिले राष्ट्रीय शिक्षण धोरण त्यावरच आधारले होते.

तथापि, शिफारशी व अंमलबजावणी यांतील अंतर नाईक यांना अस्वस्थ करीत राहिले. राज्यघटनेने १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. १९६० उलटून गेले, तरी ते दूरच होते. समानता, गुणवत्ता आणि संख्यावाढ हा भारतीय शिक्षणाचा हाती न लागणारा त्रिकोण आहे, अशी मांडणी त्यांनी १९७५ मध्ये केली. शाळांची संख्या वाढविताना दर्जा घसरतो. दर्जा मूठभर शाळांत जपला, तर समानता हरवते. त्यामुळे या तिन्ही गोष्टी एकत्रच साधाव्या लागतील, हा त्यांचा आग्रह होता. दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी अर्धवेळ वर्ग आणि शाळा सुटलेल्यांना पुन्हा कोणत्याही टप्प्यावर प्रवेश, हे उपाय त्यांनी सुचविले. त्यांच्या पत्नी, शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक यांनी अनौपचारिक शिक्षणाच्या प्रयोगांतून हा विचार पुढे नेला.

१९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले सदस्य-सचिव होते. सामाजिक संशोधन मोठ्या शहरांपुरते मर्यादित राहू नये, यासाठी त्यांनी विविध राज्यांतील संशोधन संस्थांना बळ दिले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. अखेरच्या वर्षांत त्यांनी आरोग्यसेवेच्या पर्यायी व्यवस्थेचाही विचार मांडला. उप्पिन बेटगेरीत जुळलेले शाळा व आरोग्य यांचे नाते त्यांनी कधी सोडले नाही.

३० ऑगस्ट १९८१ रोजी नाईक यांचे निधन झाले. शिक्षण आयोगानंतरच्या वाटचालीची परखड चिकित्सा करणारे त्यांचे पुस्तक त्यानंतर, १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या अहवालाच्या घडणीत आपण स्वतः राबलो, तो प्रत्यक्षात का उतरला नाही, याचा हिशेब त्यांनी त्यात मांडला आहे. प्राथमिक शिक्षण मुलांचा मूलभूत हक्क म्हणून राज्यघटनेत २००२ मध्ये नोंदले गेले आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा टक्के खर्चाचे उद्दिष्ट मात्र २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणालाही पुन्हा उच्चारावे लागले.