राहुट्या विणणारे हात

ख्रिस्ती पंचांगात २९ जून हा दिवस पेत्र व पौल या दोन प्रेषितांच्या स्मरणाचा मानला जातो. गोव्यात त्या दिवशी मच्छीमार बांधव होड्या एकत्र बांधून ‘सांगोड’ साजरा करतात. आपल्याकडे बहुधा याच सुमारास पंढरीची वाट टाळमृदंगाने दुमदुमत असते. उभे आयुष्य वाट तुडवीत देवाचे नाव पोहोचविणाऱ्या पौलांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आजच्या तुर्कस्तानातील तार्स नगरीत, इसवी सनाच्या आरंभकाळात, एका ज्यू कुळात त्यांचा जन्म झाला. शौल हे त्यांचे पूर्वीचे नाव. रोमचे नागरिकत्व जन्मतःच लाभलेला हा बुद्धिमान मुलगा यरुशलेमात गमलीएल या थोर आचार्यांच्या चरणांशी बसून धर्मशास्त्र शिकला. येशूचे अनुयायी धर्म बुडवीत आहेत, अशी त्याची खात्री झाली. स्तेफन नावाच्या भक्ताला लोकांनी दगडांनी ठेचून मारले, तेव्हा मारेकऱ्यांची वस्त्रे याच तरुणाच्या पायाशी ठेवलेली होती, आणि त्या वधाला त्याची संमती होती.

येथे वाचकांना वाल्या कोळ्याचे स्मरण होईल. परंतु वाल्या पोटासाठी वाटमारी करीत होता, शौल धर्मासाठी छळ करीत होता. वाटमाऱ्याला आपले पाप कधीतरी उमगते. धर्मरक्षणाच्या निष्ठेने चाललेल्या क्रौर्याला जाग येणे त्याहून कठीण.

ती जाग वाटेतच आली. भक्तांना बांधून आणण्यासाठी शौल दिमिष्काकडे निघाला असता आकाशातून प्रकाश लखलखला, तो भूमीवर कोसळला, आणि आपण ज्याचा छळ करीत आहोत त्या येशूचीच वाणी त्याच्या कानी पडली, अशी कथा आहे. तीन दिवस तो दृष्टिहीन व निराहार होता. त्याच्या भयाने ग्रासलेल्या हनन्या नावाच्या शिष्यानेच अखेर त्याला बंधू म्हणून हात लावला, आणि त्याला पुन्हा दिसू लागले. या मनःपरिवर्तनाचा स्मरणदिन २५ जानेवारीस पाळतात.

पुढे इ. स. ४६ च्या सुमारास सिरियातील अंत्युखिया नगरीतून बर्णबासह पौल पहिल्या प्रवासास निघाले. सायप्रस बेट ओलांडून ते आशिया मायनरच्या डोंगराळ मुलखात शिरले. लुस्त्र गावी एक जन्मपांगळा त्यांच्या शब्दाने चालू लागला. गावकऱ्यांनी या दोघांना देवच मानले; पुजारी बैल व पुष्पहार घेऊन पूजेस आला. पौलांनी वस्त्रे फाडून आपण माणसेच आहोत असे विनवून सांगितले. मग बाहेरून आलेल्या विरोधकांनी लोकांची मने फिरविली. ज्या गावाने हार आणले त्याच गावात पौलांवर दगड पडले. मेले असे समजून त्यांना वेशीबाहेर ओढून टाकण्यात आले. स्तेफनावर पडलेले दगड ज्याने पाहिले, त्याच्याच अंगावर आता दगड पडले होते. पौल उठले, पुन्हा गावात गेले आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाची वाट चालू लागले.

दुसऱ्या प्रवासात फिलिप्पै येथे फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री त्यांनी सीलासह भजन म्हटले. तेथून अथेन्समार्गे ते करिंथ या श्रीमंत बंदरात आले व दीड वर्ष राहिले. तेथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी राहून ते राहुट्या करण्याचे काम करीत. उपदेशकाने उपदेशावर पोट भरावे, हा हक्क त्यांना मान्य होता. तरी करिंथात त्यांनी तो सोडला. देवाचे नाव धनासाठी विकले जाते, असे कोणी म्हणू नये हा हेतू. फिलिप्पैच्या गरीब भक्तांनी प्रेमाने पाठविलेले साह्य मात्र त्यांनी नाकारले नाही. मोबदला न घेतल्याचेही करिंथकरांना वैषम्य वाटले, असे त्यांच्या पत्रावरून दिसते. फुकट मिळणारे हलके असते, हा जगाचा समज जुनाच आहे.

तिसऱ्या प्रवासात इफिस नगरीत सुमारे तीन वर्षे राहून परतताना, मिलेत बंदरात त्यांनी तेथील वडीलजनांना बोलावले. स्वतःच्या व सोबत्यांच्या गरजा आपल्या या हातांनीच भागविल्या, हे त्यांनी त्यांना सांगितले. पुन्हा भेट नाही हे ऐकून सारे त्यांच्या गळ्यात पडून रडले.

यरुशलेमात अटक झाली. दोन वर्षे कैसरियाच्या बंदिवासात गेली. सम्राटाकडे दाद मागितल्यावर रोमकडे नेणारे जहाज माल्टा बेटाशी फुटले. त्यावरील २७६ जण सारे वाचले. रोममध्ये दोन वर्षे पहाऱ्यात, पण भाड्याच्या घरात राहून त्यांनी उपदेश चालूच ठेवला. नीरोच्या राजवटीत त्यांचा शिरच्छेद झाला, असे परंपरा मानते.

वारकरी संप्रदायातही कीर्तनाचे मोल घेऊ नये असा दंडक आहे. व्यासपीठावर उभे राहणाऱ्या आम्हां कीर्तनकारांना तो पाळणे किती अवघड, हे आम्ही जाणतो. म्हणूनच दिवसा सुईदोरा आणि सायंकाळी देवाचे नाव हाती घेणाऱ्या या परधर्मीय प्रवाशापुढे आमचे मस्तक आदराने लवते.