जॉन स्टुअर्ट मिल : कधीच शाळेत न गेलेला विद्यार्थी

मोठ्या वर्गांच्या राज्यशास्त्रात जॉन स्टुअर्ट मिल हे नाव येते. व्यक्तिस्वातंत्र्यावर लिहिणारे इंग्रज विचारवंत, एवढी ओळख परीक्षेला पुरते. मला मात्र त्यांचे बालपण जास्त विलक्षण वाटले, कारण हा माणूस लहानपणी एक दिवसही शाळेत गेला नाही. त्याची शाळा म्हणजे घरातले एक टेबल आणि समोर बसलेले वडील.

जॉनचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये झाला. नऊ भावंडांत तो थोरला. वडील जेम्स मिल हे स्कॉटलंडमधल्या एका मोच्याचे मुलगे. लेखनावर घर चालायचे, त्यामुळे पैशाची ओढाताण असे. तरीही मुलाला आपणच शिकवायचे, तेही जुन्या ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांच्या पायावर, असे त्यांनी ठरवले होते.

तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू झाले. वडील कार्डांवर ग्रीक शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ लिहून देत. पहिले पुस्तक इसापच्या गोष्टी, दुसरे झेनोफनचे ‘अनाबासिस’. हे दुसरे कॅडेटांनी जरूर मिळवून वाचावे. इराणच्या साम्राज्यात खोलवर अडकलेले दहा हजार ग्रीक सैनिक सेनापती मारले गेल्यावरही लढत, चालत काळ्या समुद्रापर्यंत कसे पोहोचले, त्याची ती हकिकत आहे. आठव्या वर्षापर्यंत जॉनचे हेरोडोटस आणि प्लेटोचे काही संवादही वाचून झाले होते. मग लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र.

पण मला यादीपेक्षा पद्धत आवडली. लहान मुलाला वापरता येईल असा ग्रीक-इंग्रजी कोश तेव्हा नव्हता. जॉन वडिलांच्याच टेबलावर बसे आणि अडलेला प्रत्येक शब्द त्यांना विचारी. वडील त्याच वेळी आपला मोठा ग्रंथ लिहीत असत आणि दर वेळी लेखणी थांबवून अर्थ सांगत. एरवी ते अतिशय तापट होते! सकाळी न्याहारीपूर्वी दोघे शेतांतून फिरायला जात. आदल्या दिवशी वाचताना जॉनने चिठ्ठ्यांवर टिपणे काढलेली असत. त्यांवरून तो चालता चालता सगळे सांगे. स्वतः डोके लढवल्याशिवाय वडील काहीही समजावून देत नसत. आठव्या वर्षापासून धाकट्या भावंडांना लॅटिन शिकवायचे कामही त्याच्याकडे आले आणि त्यांचा धडा कच्चा राहिला की जबाबदार जॉन. ज्युनिअरच्या चुकीसाठी सीनिअरने बोलणी खायची हा नियम काही आपल्या हाऊसनेच शोधलेला नाही.

सुट्टी नसे. सुट्टीने कामाची सवय मोडते, असे वडिलांचे मत. इतर मुलांत मिसळायचीही मनाई, कारण त्यांच्या सवयी लागतील. खेळ नाहीत, मित्र नाहीत. हाताच्या कामांत जॉन पुढेही बराच काळ अडाणी राहिला. चौदाव्या वर्षी तो फ्रान्सला एका ओळखीच्या इंग्रज कुटुंबाकडे वर्षभर राहिला, तेव्हा शारीरिक कसरतींचे धडे घेतले, पण त्यात त्याला काही जमले नाही. मात्र तिथेच त्याला डोंगर आवडू लागले आणि वनस्पती गोळा करण्याचा नाद लागला.

वडिलांचा तो ग्रंथ म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास. तो छापला जात असताना अकरा वर्षांचा जॉन हस्तलिखित मोठ्याने वाचे आणि वडील मुद्रिते तपासत. जेम्स मिल कधी हिंदुस्थानात आले नव्हते, इथली एकही भाषा त्यांना येत नव्हती, आणि तरी आपल्या लोकांविषयी त्यांनी फार तुच्छतेने लिहिले. याच पुस्तकामुळे त्यांना ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी मिळाली. १८२३ मध्ये सतरा वर्षांचा जॉनही त्याच कचेरीत लागला आणि पस्तीस वर्षे तिथे राहिला. तोही इथे कधी आला नाही.

माझे वडील फौजेत आहेत. त्यांची बदली सारखी होते, म्हणून अकराव्या वर्षी मला इथे आणून सोडले. रोज त्यांच्यासमोर बसून शिकायला मिळाले असते तर किती बरे झाले असते, असे पहिल्या वर्षी मला फार वाटे. जॉनला नेमके तेच मिळाले होते. म्हणून त्याच्या विसाव्या वर्षाची हकिकत मी दोनदा वाचली.

१८२६ च्या शरद ऋतूत त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला. समाजात ज्या सुधारणा व्हाव्यात म्हणून आपण झटतो आहोत, त्या सगळ्या आत्ता, या क्षणी झाल्या तर आपल्याला आनंद होईल का? उत्तर आले, नाही. त्यानंतर सगळेच निरर्थक वाटू लागले. तो कचेरीत जाई, काम करी, पण यंत्रासारखे. कोणाला सांगितले नाही. वडिलांना तर मुळीच नाही, कारण त्यांची सारी मेहनत फुकट गेली असे त्यांना कळून काय उपयोग? आपल्या डॉर्मिटरीत एखादा दोन दिवस नीट जेवला नाही तर शेजारच्या पलंगावरच्याला न सांगता कळते. जॉनच्या शेजारी पलंगच नव्हता. पुढे एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, वडील वारल्यावर छोटा मुलगा घराला धीर देतो त्या प्रसंगाला त्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि आपले मन मेलेले नाही हे त्याला कळले. नंतर वर्ड्‌स्वर्थच्या कवितांनी त्याला सावरले.

तरी मिल यांनी वडिलांना दोष दिला नाही. या शिक्षणामुळे आपण समवयस्कांच्या पाव शतक पुढे निघालो, असेच त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले. त्या पुस्तकात आईचा उल्लेख मात्र जवळजवळ नाहीच. नऊ मुलांची आई त्याच घरात होती.

‘ऑन लिबर्टी’ १८५९ मध्ये आले. हे स्वातंत्र्य हिंदुस्थानसारख्या देशांना लागू नाही असे ते मानत, आणि हे मला पटत नाही. पण त्यांचीच पुस्तके वाचून आपल्या गोपाळ गणेश आगरकरांनी समाजाला प्रश्न विचारले. १८६५ ते १८६८ मिल पार्लमेंटचे सभासद होते. स्त्रियांना मताधिकार मिळावा अशी दुरुस्ती त्यांनी १८६७ मध्ये मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली.

पत्नी हॅरिएट १८५८ मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे वारल्या. त्यांच्या कबरीजवळ मिल यांनी घर घेतले. ७ मे १८७३ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधीही ते वनस्पती गोळा करायला दूरवर पायी जाऊन आले होते.