टंचाईच्या वर्षीचा नाताळ आणि पंडिता रमाबाई

ज्या वर्षी खळे रिकामे राहते, त्या वर्षी नाताळ कसा पाळावा, असा प्रश्न खेड्यापाड्यांतील बंधुभगिनी आम्हांस पुष्कळदा विचारतात. मुलांना नवे कापड नाही, घरात गूळ नाही, सावकाराचे देणे तसेच आहे. मग उपासनेस कोणत्या तोंडाने जावे? भरल्या पोटाने दिलेले उत्तर उपाशी माणसाच्या कामास येत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून जिने भूक स्वतः सोसली, त्या एका बाईंचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवितो.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले व आईने ते रमाबाईंस शिकविले. तीर्थयात्रा व पुराणे सांगणे यांवर कुटुंबाची गुजराण होई. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ साली आधी वडील गेले, मग आई अंथरुणास खिळली. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागावयास रमाबाई शेजारच्या घरी गेल्या, पण दाराशी उभे राहिल्यावर लाजेने तोंडातून शब्द फुटेना. शेवटी भाकरी मिळाली, पण आईच्या घशाखाली ती उतरली नाही. पुढे थोरली बहीणही गेली. उरली ती दोन भावंडे, ती पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे त्यांच्या विद्वत्तेचा मोठा गौरव झाला, हे सर्वांस ठाऊक आहेच. परंतु आम्हांस त्या गौरवाहून ती भाकरी अधिक आठवते.

भाऊ वारला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पतीही वारले. कडेवर लहानगी मनोरमा होती. १८८३ साली विलायतेत रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदासदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. मुली ख्रिस्ताकडे वळतात असा बोभाटा झाला आणि पुण्यातील अनेक प्रतिष्ठितांनी आपला आश्रय काढून घेतला.

मग १८९६ साल आले. मध्यप्रांतात दुष्काळ पडला. शारदासदनाचा खर्च भागविणेच अवघड, तेथे आणखी तोंडे कोठून पोसावयाची? व्यवहारी मनुष्याने घरीच राहून प्रार्थना केली असती. आम्हीही कदाचित तेच केले असते. बाई निघाल्या. दुष्काळी छावण्यांतून अनाथ मुली व तरुण विधवा दुष्टांच्या हाती पडत होत्या. त्यांतून सुमारे ३०० जणींना त्यांनी आपल्याकडे आणिले. त्या वर्षीचा नाताळ अशा काळात आला. गव्हाणीत ठेविलेल्या बाळाची, आणि राजाच्या भयाने रातोरात मिसरास पळणाऱ्या आईबापांची कथा त्या मुलींस निराळी समजावून द्यावी लागली नसेल, असे आम्हांस वाटते.

पुण्यात प्लेग, त्यामुळे नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावच्या शेतावर झोपड्या व तंबू ठोकून त्यांची सोय केली. त्याच जागी मुक्तिसदन वाढले. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील संख्या २०००च्या जवळपास गेली. तेथे भक्ती व काम हे निराळे नव्हते. दळण, रांधणे, विणकाम, शेत, तेलाचा घाणा, छापखाना, सारे स्त्रियांच्याच हातचे. सणाच्या दिवशीही इतक्या तोंडांचे पीठ कोणाला तरी दळावेच लागे.

शेवटची वर्षे बाईंनी एका कामास वाहिली. खेड्यातील साध्या बाईस समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र उतरविण्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. कानांनी कमी ऐकू येई. १९२१च्या जुलैत, जिच्यावर सर्व भार सोपवावयाचा त्या मनोरमाबाई वारल्या. त्यानंतरचा नाताळ हा रमाबाईंचा शेवटचा. कन्या गेलेली, शरीर थकलेले, तरी भाषांतराचे काम त्यांनी सोडिले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ छापून निघाला तो १९२४ साली. त्याचे खिळे मुक्तिसदनातील स्त्रियांनीच जुळविले होते.